ऐरोलीत बाळंतपण करायचं तर

पाचपाखाडी, ठाणे
आषाढातला रविवार

प्रिय मनू,

तुझं पत्र मिळालं. भावजयीला सातवा संपत आला आणि ती बाळंतपणाला माहेरी ऐरोलीला येतेय, हे वाचून छान वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस, "तुझं संशोधनच हॉस्पिटलांच्या दर्जावर आहे, एक चांगलं नाव सांगून टाक." अगं, मी दिवसभर ज्या नोंदी चाळते त्यांच्यावरून हॉस्पिटल निवडणं म्हणजे पत्रिका बघून नवरा निवडणं. सगळे गुण जुळतात आणि मग घरी गेल्यावर कळतं!

थट्टा सोड. आपल्या आयांच्या वेळी प्रश्न एवढाच होता की बाई दवाखान्यात पोचते की नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ मध्ये हाच आकडा ८८.६, आणि महाराष्ट्रात ९४.७. मधल्या काळात जननी सुरक्षा योजना आली, आशाताई दारोदार फिरल्या, १०८ ची गाडी आली. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. आपल्या राज्यात ३३ वर. हे काम मोठंच आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मात्र दारापर्यंत आणलेल्या बाईचं आत काय होतं, हा प्रश्न आता उरलाय. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. सगळे आजार धरून वर्षाला ८६ लाख मृत्यू टाळता येण्याजोगे होते. त्यातले ३६ लाख उपचारांपर्यंत पोचलेच नाहीत म्हणून, आणि ५० लाख पोचूनही उपचार धड मिळाले नाहीत म्हणून.

"आत काय होतं" हे कागदावर कसं दिसतं ते सांगते. एका प्रसूतिगृहातलं रजिस्टर परवाच बघत होते. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं त्याचा रकाना: २०० मिली, २०० मिली, २०० मिली, पानामागून पान. पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना भरायचा तक्ता, त्यात बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने टिपायचे असतात. तिथे १४०, १४२, १४०, १४२, एकाच पेनाने आणि एकाच दमात लिहिलेले. बाळ जन्मल्यावर तक्ता भरला, हे कुणालाही कळेल. सिस्टरना विचारलं, रक्त मोजता कसं? त्या म्हणाल्या, "मॅडम, चादर बघून कळतं." मला त्यांचा राग येत नाही. रात्रपाळीला एकटी बाई, आत दोघी कळा देतायत, तिसरी रिक्षातून उतरतेय. तिने हात आधी कुठे घालावा, बाईला की तक्त्याला?

पण चादर बघून कळत नाही, हे २०२३ मध्ये पुरतं सिद्ध झालं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत एक प्रयोग झाला. बाळंतिणीच्या खाली मिलीलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, आणि रक्त ठरल्या खुणेच्या वर गेलं की पोट चोळणं, गर्भपिशवी आकसायचं औषध, रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी, सगळं एकदम सुरू करायचं, एकेकाचा परिणाम बघत बसायचं नाही. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जेमतेम ५१ टक्के केसेस ओळखल्या जात होत्या. इथे ९३ टक्के. प्रकरण फार हाताबाहेर जाण्याचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. महागडं यंत्र नाही की नवा डॉक्टर नाही.

उलटं उदाहरण आपल्याकडचंच. उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांत अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी २८ कलमांची सुरक्षित बाळंतपणाची यादी दिली, ती पाळायला शिकवणारी माणसं बरोबर दिली. दोन महिन्यांनी तिथे ७३ टक्के गोष्टी नीट होत होत्या, बाकीच्या ठिकाणी ४२. २०१७ मध्ये निकाल आला: आई-बाळांच्या मृत्यूंत फरक नाही. मला हा निकाल फार आवडतो, कारण तो छापायला धाडस लागतं. हात धुतले, रक्तदाब बघितला, पण पुढे गुंतागुंत झाली तर ती निस्तरायला माणूस आणि रक्त नसेल तर यादी काय करणार?

मृत्यूंच्या आकड्यावरूनही नाव काढू नकोस. शहापूर-मुरबाडहून रेफर झालेल्या बायका ज्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात येतात, तिथेच मृत्यू जास्त नोंदले जाणार. आयत्या वेळी पेशंट पुढे ढकलणाऱ्या नर्सिंग होमची पाटी कोरीच राहते. सिझरचंही तसंच. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशभरात खासगीत ४७.४ टक्के आणि सरकारीत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. यात गरज किती आणि सोय किती, हे सरासरी आकडा सांगत नाही.

तेव्हा भावजयीच्या आईला चार ठिकाणी जाऊन विचारायला सांग. रात्री दोन वाजता सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ कुठून आणि किती वेळात येतो? रक्त कुठल्या पेढीतून येतं? बाळंतपणानंतर पहिला तासभर तिच्याजवळ कोण थांबतं? बाळ रडलं नाही तर ते कोण बघतं? घरची एक बाई आत चालते का? भिंतीच्या रंगावर जाऊ नका. उत्तर द्यायला कंटाळणारी जागा सोडून द्या. सरकारी बघणार असाल तर 'लक्ष्य'चं प्रमाणपत्र आहे का विचारा. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या या कार्यक्रमात लेबर रूम आणि सिझरचं ऑपरेशन थिएटरच तपासतात.

आणि माझ्या ओळखीपायी ठाण्याचा आग्रह नको. तारीख गणपतीच्या सुमाराची आहे. जोराचा पाऊस झाला की विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं, त्यात मिरवणुका. ऐरोली-वाशीकडचंच बघा.

एक मात्र नक्की कर. माहेरी येणाऱ्या बायकांचं आमच्या अभ्यासात नेहमी हेच होतं: सात महिन्यांची तपासणी एका गावात, बाळंतपण दुसऱ्या, आणि दोन्हीकडे अर्धीच माहिती. साताऱ्याहून निघताना सगळे केस पेपर, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातातल्या पिशवीत दे, ट्रंकेत नको. त्याचे फोटो मलाही पाठव. आधीचं हिमोग्लोबिन किती होतं ते तू लिहिलंच नाहीस.

तुझी,
वैजू