आधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला

महोदय,

एखादी साइट डीडॉस हल्ल्याने, म्हणजे असंख्य यंत्रांवरून एकदम ओतलेल्या निरुपयोगी ट्रॅफिकने, बंद पडली की ‘मोठा सर्व्हर घ्या’ हा सल्ला हमखास येतो. मिरजेत एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराचं नेटवर्क सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो, त्याने फारसं काही साधत नाही. एक गीगाबिटच्या लाइनवर दहा गीगाबिटचा कचरा आला तर सर्व्हरपर्यंत काही पोचतच नाही. लाइन आधीच तुंबते. मग आम्हीच वरच्या पुरवठादाराला सांगतो, त्या साइटच्या आयपी पत्त्याकडे येणारं सगळं ट्रॅफिक टाकून द्या. बाकीचे ग्राहक वाचतात, ती साइट मात्र बंद. हल्लेखोराला हवं होतं ते आमच्याच हातून होतं!

हा कचरा येतो कुठून? मागच्या पावसाळ्यात आमच्या एका सोसायटीच्या लाइनवर मध्यरात्री अपलोड एकदम चढला. जाऊन पाहिलं तर वॉचमनच्या केबिनमध्ये कपाटावर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), आणि त्यावर इन्स्टॉलरने स्केचपेनने लिहिलेलं ‘अ‍ॅडमिन, १२३४५’. अध्यक्षांना मोबाइलवर गेट दिसावं म्हणून त्याचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, अख्ख्या जगाला उघडं. अध्यक्ष म्हणाले, “आमच्या कॅमेऱ्यात चोरण्यासारखं आहे काय?” चोरायचं काहीच नसतं हो, तुमची लाइन वापरायची असते.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने हेच केलं. कंपनीतून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, बस्स. त्यातून जमलेल्या कॅमेरे-डीव्हीआरच्या फौजेने २१ ऑक्टोबरला ‘डाइन’ या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) कंपनीला झोडपलं आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेनात. डीव्हीआर रीस्टार्ट केला की मिराई जातो, पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत पुन्हा हजर.

एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, हे बरं झालं. भिंतींवर आधीच लटकलेल्यांचं काय?

आमच्या धंद्याचीही बाजू झाकत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असलेली डेटाची पॅकेट्स आपल्या नेटवर्कबाहेर सोडू नयेत, हे २००० सालापासून ‘बीसीपी ३८’ या नेटवर्कवाल्यांसाठीच्या मार्गदर्शक दस्तऐवजात लिहून ठेवलेलं आहे. बळीच्या पत्त्याने दुसऱ्याच्या डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचा लोंढा बळीवर उलटवायचा, असे हल्ले ते पाळलं तर उगमालाच अडतात. छोट्या नेटवर्कला राउटरवर चार ओळी लिहाव्या लागतात. तरी कंटाळा करणारे आहेतच, कारण त्रास होतो तो दुसऱ्याच्या ग्राहकाला. परवाना देणाऱ्यांनी याची तपासणी करावी.

आणि सोसायट्यांनी कॅमेऱ्याचं बिल चुकतं करण्याआधी इन्स्टॉलरला समोर बसवून पासवर्ड बदलून घ्यावा, पोर्ट बंद करून घ्यावं.

– एक नेटवर्क कर्मचारी, मिरज