रंगवणाऱ्याचे बिल कोणी अडवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या टॉवेल उद्योगाची चर्चा सुताचा भाव, वीजदर आणि कामगारांची टंचाई यांपाशीच थांबते. सूत रंगवून देणारे, टॉवेलच्या कडा शिवून देणारे आणि खोकी पुरवणारे यांच्याशी आम्ही कारखानदार कसे वागतो, हा विषय सहसा निघत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका ऑर्डरमधील गडद निळ्या टॉवेलांवर पट्टे उमटले. मी सूत रंगवणाऱ्याच्या बिलातून मोठी कपात केली आणि उरलेली रक्कमही तीन महिने अडवली. पुढे निघाले ते असे, की माझ्याच गोदामातून दोन लॉटचे, म्हणजे दोन वेगळ्या खेपांचे, सूत एकत्र गेले होते, आणि वेगवेगळ्या लॉटचे सूत सारखा रंग धरतेच असे नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. कापलेले पैसे मी परत केले. तो गृहस्थ भांडला नाही. मात्र पुढचे वर्षभर माझे सूत त्याच्याकडे सर्वांत शेवटी रंगले. आता प्रत्येक पोत्याबरोबर लॉटची चिठ्ठी जाते, रंगाचा नमुना आम्ही दोघे दिवसाच्या उजेडात पाहून मान्य करतो आणि महिन्याच्या ऑर्डरी त्याला आधी कळवतो. तक्रारी अजूनही होतात, पण सूत मागावर चढण्यापूर्वी.

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करारात तारीख ठरलेली नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. मालाबद्दलची हरकतही 15 दिवसांत लेखी कळवावी लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 2023 च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आल्यापासून थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईल त्याच वर्षी खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा मिळते. यावर काहींनी काढलेली पळवाट, म्हणजे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्याला कामच न देणे, मला लाजिरवाणी वाटते.

आमचेच पैसे मोठ्या खरेदीदारांकडे अडकतात, ही सबब खोटी नाही. मीही ती दिली आहे. परंतु कारखान्याला बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता येणारे कर्ज, असते, घरी दोन यंत्रांवर कडा शिवणाऱ्या बाईला ती नसते, आणि आमची उधारी ती आपल्या किराणा दुकानदाराच्या वहीवर फेडत असते.

शहरातील उद्योजक संघटनांनी मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत एक पानी कराराचा नमुना छापून द्यावा. सुताचा लॉट, मान्य नमुना, हरकतीची मुदत आणि पैसे देण्याची तारीख, एवढे चार रकाने त्यात पुरेसे आहेत.

आपला,
एक टॉवेल उत्पादक,
सोलापूर