रविवारी तलावावर रोलची प्रॅक्टिस, न् त्रिशूलीचे कागद

मंडळी, रविवारी सकाळी ६ ले तलावाच्या पाळीवर या, दिवाळीनंतर नेपाळले त्रिशूली नदीवर कयाक (लहान वल्ह्याची होडी) चालवाले जायचं हाये न् रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या सरळ करणं, अजून निम्म्यांले जमत नाही. कोलाडले मी स्प्रे स्कर्टचा (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेले बांधून कयाकच्या तोंडावर बसवायचं कव्हर) लूप, म्हणजे ते ओढून सोडवायचा पट्टा, आतच दाबून बसलो होतो, कयाक उलटली त सापडेचना, अर्धी कुंडलिका नदी पोटात गेली बाप्पा! म्हणून लूप बाहेर ठेवा, दोनदा हात लावून पाहा. हेल्मेट सगळ्यांनी आणाच, मोटरसायकलचं नोको.

कागदाचं म्हणाल त, नागपूरहून गोरखपूर, मंग सोनौली बॉर्डर. व्हिसा लागत नाही, पण आधारच्या भरोश्यावर राहू नका, मतदार कार्ड नाहीतर पासपोर्ट पाह्यजे. झेरॉक्स रविवारीच आणजा.