आई, तुझं मशीन पाठवू नकोस

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, काल फोनवर तू म्हणालीस की बाबा तुझं शिवणाचं मशीन गोणपाटात बांधून एसटीनं पाठवायच्या तयारीत आहेत. तर ते आधी थांबवा. मशीन मी घेतलं. पांढरं, मोटरचं, झिगझॅगवालं, साडेतेरा हजारांना. घरात चांगलं मशीन असताना एवढे पैसे का घातले, हे तू विचारणारच, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझं नको म्हणून नाही गं. तुझ्या उषा मशीनची सरळ टीप कुठल्याही नव्या मशीनच्या तोडीस तोड आहे. पण तू अजून रोज दुपारी खिडकीपाशी त्यावर बसतेस. ते उचलून इथे आणायचं माझ्या जिवावर येतं. शिवाय मला ड्रेस शिवायचेत. कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून झिगझॅग हवी, काज घरीच करता यायला हवेत, आणि ताणलं जाणारं होजिअरीचं कापड सरळ टिपेनं शिवलं तर ओढ बसल्यावर दोरा तुटतो.

शिवणाच्या क्लासला जुकी आहे, कारखान्यात असतं तसलं मशीन. तिचा वेग मोठा, पाय जरा जास्त दाबला गेला की गळ्याचा गोल सोडून टीप भलतीकडेच जाते. रोज दहा ब्लाऊज शिवणाऱ्याला ती हवीच. पण तिचं टेबल आमच्या हॉलमध्ये मावणार नाही, आणि सरळ टिपेपलीकडे ती काही करत नाही. रविवार पेठेतल्या दुकानदारानं आधी भरपूर टाक्यांचं मशीन पुढे केलं होतं: पानं, फुलं, बदकांची रांग. ते मी बाजूला ठेवायला सांगितलं. टाक्याची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे, एरवी अडीच मिलिमीटर, चुण्या घालायच्या तेव्हा चार. त्यात झिगझॅग आणि काज आले की ड्रेसचं काम भागतं.

दुकानात खळीच्या कडक तुकड्यावर शिवून दाखवतात. त्यावर कुठल्याही मशीनची टीप छानच दिसते. म्हणून मी घरून तीन तुकडे नेले होते: मांजरपाट, जॉर्जेट आणि जुन्या जीन्सची दुमडलेली कड. पहिल्या मशीननं जॉर्जेट सुईबरोबर खालीच ओढून नेलं. १४ नंबरची सुई काढून ११ची लावायला सांगितली, तरी टीप आकसलेलीच. दुसऱ्या मशीनवर ११च्या सुईनं ती सपाट बसली. मग १६ची सुई लावून जीन्सची कड घातली, तीही हू की चू न करता शिवली. प्रत्येक तुकडा मी उलटून पाहिला. खालून दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण सैल, हे तूच शिकवलंयस.

बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ, वरून टाकायची मशीनं दिसायला सोयीची. झाकण पारदर्शक असतं, दोरा किती उरला ते दिसतं. पण मी समोरून बॉबीन केस, म्हणजे बॉबीनची डबी, घालायचं घेतलं, आणि ते तुझ्यामुळे. केस बाहेर काढून मी दोऱ्यावर लोंबती धरली, मनगटाला हलका झटका दिला. ती दोन बोटं खाली आली आणि थांबली, म्हणजे खालचा ताण बरोबर. अगदी तू करतेस तसं. दोऱ्याचं काही बिनसलं तर आता तू मला फोनवरून सांगू शकशील, कारण तुझ्या हाताला ही केस ओळखीची आहे. सुयाही तुझ्या मशीनच्याच चालतात, फक्त यात सपाट बाजू मागे करून बसवायची.

आता तुझ्या गुडघ्यांचं. बाबा, मशीन बांधायला आणलेला सुतळीचा गुंडा ठेवून द्या आणि मेकॅनिकला घरी बोलवा. आईच्या मशीनला मागे मोटर बसवता येते, मी दिवाळीत नीट पाहून घेतलंय. पायाला रेग्युलेटर येईल, पायडल हलवायला नको. खर्च मी देते. पण चामड्याची वादी त्याला नेऊ देऊ नका. वीज गेली तर ती पुन्हा चढवून काम चालतं. आणि आई, मोटर लागल्यावर तेल घालायला आळस करू नकोस. आता ते जास्त वेगानं पळणार.

मशीनऐवजी एक गोष्ट मात्र पाठवा. बाबांचा तो बाही फाटलेला खादीचा सदरा टाकून दिला नसेल तर कुरिअरनं द्या. तो उसवून त्यावरून बाबांना नवा बेतेन, आधी मांजरपाटावर आणि मग खऱ्या कापडावर. बाबा, खांद्यात तो तुम्हाला काचायचा ना? अर्धा इंच वाढवू की एक, ते आईकडून टेपनं मोजून घेऊन कळवा.

तुमची,
मनू