सिझरनंतरच्या वेदनेची नोंद कोण ठेवणार?

महोदय,

सिझरसाठी कमरेतून भूल द्यायची म्हटले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पुढे जन्मभर कंबर दुखणार नाही ना?’ भूलतज्ज्ञ म्हणून मी खात्रीने सांगते की ही भीती अनाठायी आहे. बाळंतपणानंतरची कंबरदुखी नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांतही सर्रास आढळते. सुई टोचल्याच्या जागी फार तर काही दिवस दुखते. या भुलेने रक्तदाब उतरू शकतो आणि काहींचे डोके उठून बसल्यावर दुखते, हे खरे. परंतु रक्तदाबावर लगेच उपाय करता येतो आणि बारीक, पेन्सिलसारख्या टोकाच्या सुयांमुळे डोकेदुखीचे प्रमाणही पुष्कळ घटले आहे. उलट पूर्ण भूल देताना गरोदर स्त्रीच्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते व पोटातले अन्न फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. म्हणूनच ‘फक्त चहाच घेतलाय’ हेसुद्धा आम्हाला सांगायला हवे, कारण दुधाचा चहा पोटातून लवकर पुढे सरकत नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ते यानंतरचे. कमरेत टोचलेल्या बुपिव्हाकेन या भुलेच्या औषधाचा परिणाम साधारण दोन-तीन तासांत ओसरतो, टाके ठणकू लागतात, आणि वॉर्डात त्या बाईला ऐकावे लागते, ‘आई व्हायचं म्हणजे एवढं सोसायलाच हवं.’ ती खोकला दाबते, दीर्घ श्वास घेत नाही, कुशीवर वळत नाही, बाळाला नीट पाजू शकत नाही. चालणे लांबले की पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. दुधावाटे बाळाला अपाय होईल म्हणून घरचेच गोळी नको म्हणतात. वास्तविक पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके दुधात अत्यल्प उतरतात. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, दमा किंवा जास्त रक्तस्राव असेल तर डायक्लोफेनॅक टाळावे लागते, पण एरवी ही औषधे दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी दिली तरच त्यांचा खरा उपयोग होतो. कमरेतल्या इंजेक्शनातच मॉर्फिन या अफूपासून मिळणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची अगदी अल्प मात्रा मिसळली तर जवळपास दिवसभर आराम मिळतो. त्याने खाज सुटू शकते, मळमळू शकते आणि क्वचित श्वास मंदावतो, त्यामुळे परिचारिकेचे लक्ष मात्र हवे.

मॉर्फिन अनेक ठिकाणी उपलब्धच नसते. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी ठरली. जिथे सिझर होतात त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने ही मान्यता घ्यावी आणि केस पेपरवर नाडी व रक्तदाबाच्या शेजारी वेदनेचा शून्य ते दहा असा आकडाही दर पाळीत लिहिणे बंधनकारक करावे, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे.

— एक भूलतज्ज्ञ, सातारा