मशीनच्या मागे

पुणे, रविवार रात्र

प्रिय ठमे,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. रागावली असशील, हक्क आहे तुझा. तब्येत ठीक. पण हे तुलाच सांगायचंय.

शुक्रवारी चिमी शाळेतून आली ती तडक गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. गॅदरिंगच्या नाचातून तिला काढलं होतं. मी म्हटलं, "त्यात रडण्यासारखं काय आहे? हातपाय धू." तिनं फ्रॉकला डोळे पुसले. "काही नाही झालं." सात वर्षांची पोर गं! माझ्या तोंडून आईचं वाक्य निघालं आणि तिच्या तोंडून माझं.

आठवतं ना? बारावीत आजी गेली, तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात. तू विचारलंस, मी म्हटलं, काही नाही. दुसरीकडून कळल्यावर तू महिनाभर अबोला धरलास. मला तुझाच राग आला होता. अगं, असं कुणाला सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे काय कमी होतं? फी वेळेवर, दिवाळीला नवे कपडे, ताटात गरम आमटी-भात. कुणी कधी हात उगारला नाही. फक्त "काय झालं गं?" हे मी तुमच्याकडेच ऐकलं, काकू थालीपिठावर लोणी घालता घालता विचारायच्या. (माझा गोळा मोठा असायचा म्हणून तू अजून भांडतेस!)

जूनपासून समुपदेशक बाईंकडे जातेय. तेही तुला सांगितलं नाही. त्यांनी अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७५च्या सुमाराचा प्रयोग सांगितला. आईनं बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ हसतं, बोट दाखवतं, हात पसरतं, शेवटी मान फिरवतं. मला तिथंच रडू फुटलं. मीही तशीच निघाले तर? बाई म्हणाल्या, सूर सगळ्याच आयांचा चुकतो, तो परत जुळवायला जायचं.

म्हणून शुक्रवारी मीही मशीनच्या मागे गेले. फरशी ओली, जागा टीचभर. "मघाशी माझं चुकलं. काय झालं गं?" ती गप्पच. मला वाटलं, उशीर झाला. मग तिनं दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले आणि सुटलीच, कोण कुठल्या रांगेत, कुणाचे घुंगरू तुटले. आत कुकर शिट्ट्या देत होता, मी उठले नाही.

आईला काही बोलले नाही. अकराव्या वर्षी चुलीशी बसलेली ती, तिलाही कुणी विचारलं नसणार. कळतं गं, तरी राग जात नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन?

शनिवारी फोन करते. आजी गेली त्या रात्रीचं सांगायचंय तुला.

तुझी,
मनी