परसातली पाखरं आणि पतंग: नोंद कशी ठेवावी

सावंतवाडी,
१४ मे

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गावच्या घराच्या परसात जे जे उडतं ते लिहून ठेवायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. दिवसा पाखरं आणि रात्री पतंग, दोन्ही एकाच वहीत ठेवणार आहेस हे तर उत्तमच. मिरगाला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात सगळी तयारी होते.

आधी वहीचं सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. काय दिसलं ते लिहितात, किती वेळ पाहिलं ते लिहीत नाहीत. समज, तू लिहिलंस, "नवरंग दिसला." पुढच्या मे महिन्यात वहीत नवरंग नाही. मग तो आलाच नाही, की त्या आठवड्यात तू परसाकडे फिरकलाच नाहीस? वही सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, उभं राहायची जागा आणि हवा कशी होती, एवढं आलंच पाहिजे. काही विशेष दिसलं नाही तरीही. चार कावळे आणि एक बुलबुल एवढीच यादी झाली तरी ती पूर्ण यादी आहे, आणि तिची किंमत एकट्या नवरंगाच्या नोंदीपेक्षा जास्त आहे. वही पुठ्ठ्याच्या बांधणीची घे आणि शिसपेन्सिलीनेच लिही. आपल्याकडच्या पावसात शाई फुटते, अक्षर राहत नाही.

पाखरांसाठी पंधरा मिनिटांची यादी कर. सकाळी उजाडल्यावर पहिल्या दोन तासांत एक, संध्याकाळी जमलं तर एक. विहिरीच्या कठड्याजवळ उभं राहिलं की पोफळी, रातांबा आणि शेजारचा काजूचा बांध असं तिन्हीकडचं दिसतं, तर तीच जागा धर आणि बदलू नकोस. पक्ष्यांच्या याद्या नोंदवायच्या ई-बर्ड या अ‍ॅपमध्ये यादी सुरू केलीस की वेळ ते आपोआप धरतं. शेवटी ते विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का. कावळा-साळुंकी गाळली नसतील तरच "हो" म्हण. लोक इथेच घाई करतात: नेहमीचे पक्षी सोडून "चांगले" तेवढे लिहितात आणि यादी पूर्ण म्हणून देतात. ती यादी मग कुणाच्याच कामाची राहत नाही.

संख्या लिही. फुली मारायची सोय आहे, पण फुलीवरून दोन बुलबुल होते की वीस हे कळत नाही. मोजताना एकच पक्षी पुन्हा पुन्हा धरू नकोस. दयाळाचा नर रातांब्यावर गायला, मग कुंपणावर गायला, तर तो एकच. दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आले तर दोन. सातभाईंचा थवा झुडपातून झुडपात जाताना एकेक करून उडतो, त्यामुळे सगळे पलीकडे पोचेपर्यंत थांबून मग आकडा लिही.

आवाजावरून ओळखलेला पक्षीही यादीत येतो. आपल्या दाट परसात अर्ध्याहून जास्त पक्षी कानांनीच कळतात: कुटुर्गा, तांबट, शिंपी, भारद्वाज, आणि आता पावसाच्या तोंडावर पावशा. मर्लिन अ‍ॅप आवाजावरून नाव सुचवतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. भृंगराज कोतवाल शिक्ऱ्याची, सर्पगरुडाची आणि आणखी कितीतरी पाखरांची हुबेहूब नक्कल करतो. पर्णपक्षीही नकला करतो. खारीची एकसुरी चिटचिटसुद्धा अ‍ॅपला पाखरासारखी वाटू शकते. अ‍ॅपने नाव दिलं की दहा-पंधरा सेकंदांचं ध्वनिमुद्रण ठेव आणि पक्षी डोळ्यांनी शोध. सापडला नाही तर नाव सोडून दे. उलट मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवायचं मात्र अजिबात करू नकोस. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि घरट्याचं काम राहून जातं.

कुठे फसशील तेही सांगतो. शिंजीर तुझ्या परसात एकापेक्षा जास्त जातींचे असणार. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की मादीसारखा फिकट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. त्याला वेगळी जात समजू नकोस. लोटेनच्या शिंजिराची चोच ठळकपणे लांब आणि जास्त वाकडी असते. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यात हालणारे छोटे हिरवट वटवटे नीट दिसले नाहीत तर "वटवट्या, जात कळली नाही" एवढंच लिही. ई-बर्डमध्येही तशी सोय आहे. नाव नसलेली खरी नोंद केव्हाही बरी.

आणि कुणी येऊन सांगेल की तुमच्या फुलांवर हमिंगबर्ड पाहिला. भारतात हमिंगबर्ड नाही. तो एकतर शिंजीर असतो, नाहीतर दिवसा उडणारा हॉक मॉथ हा पतंग. अनंताच्या झाडाजवळ पारदर्शक पंखांचा, हिरवट अंगाचा एक हॉक मॉथ येतो. कोशातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्याच उड्डाणात ते झडतात आणि पंख काचेसारखे होतात. त्याची अळी अनंताची पानं खाते, तेव्हा अनंताची खाल्लेली पानं दिसली की फवारणी न करता आधी पानामागे बघ.

आता रात्रीचं, कारण तुझे जास्त प्रश्न त्याचेच होते.

पतंग उजेडाला येतात, म्हणून अंगणात कापड ताणून त्यावर दिवा लावायचा, की ते त्यावर येऊन बसतात. कापड कोऱ्या मांजरपाटाचं घे, दोन मीटर लांब, दीड मीटर उंच. दोन खांबांत दोरी ताणून चादर वाळत घालतो तसं घाल आणि खालचा हातभर भाग जमिनीवर पसरून दगड ठेव, कारण बरेच पतंग खालीच बसतात. टिनोपाल घातलेलं कापड अतिनील उजेडात फटफटीत चमकतं, ते चालतं. मात्र फोटो काढताना अतिनील दिवा बंद करून पांढऱ्या बॅटरीच्या उजेडात काढ, नाहीतर सगळेच पतंग जांभळट येतील आणि रंगावरून काही सांगता येणार नाही.

दिव्याचं नीट समजून घे. घरातला पांढरा एलईडी बल्ब लावलास तर फार थोडे येतील, कारण त्यात अतिनील उजेड जवळपास नसतो. जुने लोक १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरायचे. तो पतंग भरपूर खेचतो, पण आपल्याकडे त्याच्या तीन अडचणी आहेत. लाइट क्षणभर गेली तरी तो लगेच पेटत नाही, निवायला काही मिनिटं घेतो. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की काच तडकते. आणि बाहेरची काच फुटूनही आतली नळी पेटती राहिली तर तो उजेड डोळ्यांना फार वाईट. तुझ्या वाडीत लाइटचा जो खेळ चालतो तो पाहता तू ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूएसबीवर चालणारी एलईडी पट्टी घे. १० वॅटची पट्टी २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर पाचेक तास चालते, ओल्या जमिनीवरून वायर ओढायची भीती नाही. तिच्याकडेही टक लावून बघू नकोस.

रात्र निवडताना अमावास्येच्या आसपासची धर. चांदणं पडलं की दिव्याची ओढ कमी होते. ढगाळ, कोंदट, वारा पडलेली रात्र सगळ्यांत चांगली. भुरभुर चालते, मुसळधार नाही. पहिल्या पावसानंतर एक-दोन रात्री वाळवीचे पंखवाले किडे आणि हुमणीचे भुंगेरे कापड झाकून टाकतील. तसं झालं तर दिवा विझव, दुसऱ्या दिवशी लाव. सात ते दहा एवढा वेळ पुरे. मोठे मून मॉथसारखे पतंग बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून महिन्यातून एखादी रात्र उशिरापर्यंत जाग.

पण दिवा पहाटेपर्यंत चालू ठेवून झोपी जाऊ नकोस, हे मी तुला कळकळीने सांगतो. उजाडताच दयाळ आणि कोतवाल कापडावर येतात. दयाळ पतंग चोचीत धरून फांदीवर आपटतो, पंख गळून पडतात आणि धड गिळतो. दोन-तीन दिवसांत त्यांना जागा पाठ होते. मग तू बोलावलेले पतंग तूच त्यांच्या ताटात वाढतोस, आणि वर पक्ष्यांची यादीही बिघडते, कारण ते दयाळ कापडासाठी आलेले असतात. दहाला दिवा विझव, पतंग हलक्या हाताने झटकून झुडपांत सोड आणि कापड काढून टाक. आठवड्यातून एकच रात्र लाव. दिव्याभोवती अडकलेला पतंग त्या रात्री ना जोडीदार शोधतो ना अंडी घालतो, आणि मोठ्या रेशमी पतंगांना तोंडच नसल्यासारखं, खाणं नाही, आयुष्य थोड्या दिवसांचं. एक रात्र म्हणजे त्या आयुष्याचा मोठा वाटा.

दिव्याला न येणारे काही पतंग गोडाला येतात. अर्धा किलो गूळ, चार-पाच काळी पडलेली केळी, थोडं पाणी, एकत्र कुस्करून दोन दिवस आंबव आणि तिन्हीसांजेला सात-आठ खोडांवर छातीइतक्या उंचीवर ब्रशने लाव. आधी खोडावर मुंग्या आहेत का बघ. असल्या तर पतंग बसतच नाहीत. मग सुतळी त्यात भिजवून फांद्यांमधून टांग. याला फळातला रस शोषणारा पतंग येतो: मिटलेले वरचे पंख वाळलेल्या पानासारखे, शिरेसकट, आणि डिवचलं की खालचे भगवे पंख काळ्या खुणेसह भसकन उघडतात. त्याची अळी गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते.

फोटो नेमका वरून काढ, कॅमेरा पंखांना समांतर. एक बाजूनेही. शेजारी मिलिमीटरच्या आलेख कागदाची पट्टी ठेव, कारण फोटोवरून आकार कळत नाही आणि आकारावाचून निम्मे पतंग ओळखता येत नाहीत. पांढऱ्या कापडामुळे फोटो काळपट येतो, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर पतंगाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा वाढव. पंखांची ठेवण आधी लिही: पसरट, कौलारू छपरासारखी, विमानासारखी तिरकी, की इंग्रजी टीसारखी. त्यावरून निदान कूळ तरी कळतं. भारतात पक्षी तेराशेच्या वर, पतंग दहा हजारांच्या वर. तेव्हा "जॉमेट्रिड कूळ, ३० मिमी" ही पूर्ण नोंद आहे, त्यात कमीपणा नाही. घाटे अळी, लष्करी अळी ही नावं तुला शेतीमुळे ठाऊक आहेतच. त्यांचे पतंगही कापडावर येतील, साधे करडे म्हणून त्यांना गाळू नकोस.

तारखेचा घोळ टाळायला रात्रीच्या पानावर "७-८ जून" असं दोन्ही लिही. बारानंतरच्या फोटोची तारीख बदलते. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकशील तेव्हा जागा झाकायचा पर्याय निवड, म्हणजे नेमका बिंदू न दिसता साधारण वीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसतो. ई-बर्डवर जागेला घराचं नाव देऊ नकोस. धनेशाचं किंवा कुणाचंही घरटं सापडलं तर त्याचा फोटो कुठेच नको.

एक शेवटचं. दिव्याला किडे, किड्यांना बेडूक, आणि बेडकांमागे मण्यार. फुरसं तर आपल्या मातीतलंच. गुडघ्यापर्यंत बूट घाल, कापडाची खालची घडी हाताने उचलू नकोस, काठीने उचल. मुलांना अनवाणी येऊ देऊ नकोस. नारिंगी-काळा बारीक लांबट भुंगा मानेवर बसला तर चिरडू नकोस, फुंकून उडव. चिरडला की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात.

पहिल्या रात्रीचं पान फोटो काढून पाठव, त्यावर तीनच पतंग असले तरी. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
सुधीर